पहिल्या भेटीचा करार

समुपदेशनासाठी पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाच्या मनात दोन अपेक्षा बहुधा एकमेकींत मिसळलेल्या असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सगळे ऐकून घ्यावे आणि शेवटी काय करायचे ते सांगावे, ही एक. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चार प्रश्न विचारून औषधाची चिठ्ठी लिहून द्यावी, ही दुसरी. दोन्ही अपेक्षा अनुभवातून आलेल्या आहेत आणि त्यांत वावगे काही नाही. परंतु समुपदेशनाची पहिली भेट या दोहोंपैकी कशाशीच जुळत नाही, आणि हे आधी कोणी सांगितलेले नसल्यामुळे अनेक माणसे एक-दोन भेटींनंतर ‘त्यांनी काही सांगितलेच नाही’ असे म्हणून पुन्हा त्या दाराशी जात नाहीत. ही गळती दुःखद आहे, कारण ज्याला तिथवर पोचायलाच कित्येक महिने लागले त्याची उमेद एका गैरसमजापायी खचते. वास्तविक समुपदेशनाचा प्रारंभ हा एक करार असतो. दोन अनोळखी माणसे वेळ, पैसा, गोपनीयता आणि उद्दिष्ट यांविषयी उघडपणे बोलून तो करतात, आणि त्या करारात मदत मागायला आलेल्या माणसाची बाजू सर्वसाधारणपणे समजली जाते तितकी दुबळी मुळीच नसते.

पहिल्या भेटीतला बराच वेळ माहिती घेण्यात जातो. त्रास कधीपासून आहे, आत्ताच मदत घ्यावीशी का वाटली, झोप आणि भूक कशी आहे, घरात कोण कोण आहे, पूर्वी कोणता आजार होता, सध्या कोणती औषधे चालू आहेत, दारू किंवा तंबाखूची सवय आहे का, कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास झाला होता का, असे प्रश्न एकामागून एक येतात, आणि साठलेले दुःख घेऊन आलेल्या माणसाला ही विचारपूस कोरडी वाटण्याचा संभव असतो. तिला सबळ कारण आहे. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले किंवा शरीरात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण झाली तरी माणूस उदास, थकलेला आणि निरुत्साही दिसू शकतो, आणि अशा वेळी बोलण्याच्या आधी रक्ताची तपासणी आवश्यक असते. काही ठिकाणी एक छोटी प्रश्नावलीही भरून घेतात. नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात, आणि एकूण बेरीज शून्य ते सत्तावीस यांच्या दरम्यान येते. ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. दोन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले असता काही फरक पडला की नाही हे दोघांनाही दिसावे, एवढा तिचा उपयोग.

यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांसंबंधी असतो, आणि प्रश्नावली नसली तरी जाणता समुपदेशक तो तोंडी विचारतोच. असे विचारल्याने नसलेला विचार मनात रुजतो ही समजूत संशोधनाला टिकलेली नाही. उलट कोणीतरी न कचरता विचारले यामुळेच कित्येकांना पहिल्यांदा खरे उत्तर देता येते. खरे उत्तर दिले तर पोलिसांपर्यंत प्रकरण जाईल, ही धास्तीही अजून अनेकांच्या मनातून गेलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, म्हणजे मेंटल हेल्थकेअर ॲक्टने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतले त्यासंबंधीचे ३०९ वे कलम उरलेले नाही. प्रयत्नाची ही कथा, मग निव्वळ मनात आलेला विचार सांगणे हा तर कधीच गुन्हा नव्हता.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ साली उपचाराचा प्रारंभ कसा करावा याविषयी एक स्वतंत्र लेख लिहिला. त्यांची मनोविश्लेषण पद्धती म्हणजे जाणिवेच्या बाहेर राहिलेल्या इच्छा, भीती आणि स्मृती माणसाच्या मोकळ्या बोलण्यातून हळूहळू उजेडात आणण्याचा प्रयत्न. आणि अशा गहन पद्धतीच्या जनकाने प्रारंभाविषयी लिहिताना वेळ आणि पैसा या दोन रोकड्या गोष्टींना इतकी ठळक जागा द्यावी, हे आजही विचार करायला लावते. फ्रॉइड यांच्याकडे प्रत्येक रुग्णाला दिवसातला एक तास नेमून दिलेला असे. तो तास त्याचा, आणि तो आला नाही तरी त्या तासाचे पैसे त्याने द्यायचे. सुशिक्षित माणसे पैशाविषयी लैंगिक विषयांइतक्याच संकोचाने आणि आडपडद्याने बोलतात, म्हणून उपचार करणाऱ्याने आपले शुल्क आपण होऊन स्पष्ट सांगावे आणि मोकळेपणाचा पहिला धडा स्वतःच्या वागण्यातून घालून द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. ज्याची फारशी माहिती नाही अशा रुग्णाला ते आरंभी एक-दोन आठवड्यांपुरतेच स्वीकारत, आणि या पद्धतीचा त्याला उपयोग होईल की नाही हे त्या काळात पाहत. रुग्णाला कोचावर निजवून स्वतः मागे बसण्याच्या आपल्या प्रसिद्ध रिवाजामागचे एक कारणही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले आहे: दिवसाचे आठ-आठ तास लोकांनी आपल्या चेहऱ्याकडे रोखून पाहावे, हे त्यांना सोसत नसे. उपचार करणाराही मर्यादा असलेला माणूसच असतो, हे त्याने स्वतः मान्य करण्यात मोठा दिलासा आहे.

त्याच लेखात फ्रॉइड यांनी रुग्णाला द्यावयाची मुख्य सूचनाही सांगितली आहे. आगगाडीच्या खिडकीशी बसलेला प्रवासी आत बसलेल्या सोबत्याला बाहेरची बदलती दृश्ये जशी येतील तशी सांगत जातो, तसे मनात येईल ते निवड न करता बोलत जावे. हे फालतू आहे, हे असंबद्ध आहे, हे बोलणे बरे दिसत नाही, असे वाटले तर तेच नेमके सांगावे. फ्रॉइड यांच्या सिद्धांतांतला बराच भाग पुढच्या पिढ्यांनी नाकारला किंवा बदलला आणि आजच्या समुपदेशनात कोचही बहुतेक ठिकाणी नाही, समोरासमोरच्या दोन खुर्च्या आहेत. पण प्रारंभीचा व्यवहार स्वच्छ असावा हा त्यांचा आग्रह काळाला पुरून उरला आहे. आजही एक भेट, म्हणजे प्रचलित भाषेत एक सेशन, साधारण पाऊण ते एक तासाचे असते, बहुधा आठवड्यातून एकदा होते, आणि ते ठरल्या वेळी संपते. अगदी जिव्हाळ्याचा विषय निघालेला असताना समोरच्याने घड्याळाकडे पाहावे, हे नवख्या माणसाला निर्दयपणाचे वाटते. ठरलेल्या वेळेमुळेच पुढच्या आठवड्यातला तास त्याच्यासाठी राखून राहतो, हे कळायला दोन-चार भेटी जाव्या लागतात. वेळेवर न येता आल्यास शुल्क द्यावे लागेल का, किती आधी कळवावे लागेल, मधल्या दिवसांत फोन किंवा व्हॉट्सॲपवर बोलता येईल का, हे सगळे पहिल्याच दिवशी विचारून घेण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

समोर बसलेली व्यक्ती नेमकी कोण आहे, हे विचारणेही तितकेच रास्त आहे. सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्यांना असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, हे मानसशास्त्रातील विशेष शिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेले असतात. ही परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. समुपदेशक या नावाखाली मात्र फार मोठी सरमिसळ आहे. मानसशास्त्रात एम. ए. करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम शिकलेली माणसे या नावाने काम करतात आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेली माणसेही करतात, आणि दारावरच्या पाटीवरून त्यांतला फरक कळत नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा झाला असला, तरी मदत घेणाऱ्याने शिक्षण कोठे झाले, अशा प्रकारच्या त्रासावर पूर्वी काम केले आहे का, कोणत्या पद्धतीने काम करता आणि अडचण आल्यास कोणा ज्येष्ठाचे मार्गदर्शन घेता, हे प्रश्न विचारणे हीच आजची खरी खबरदारी आहे. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याविषयी पहिल्याच भेटीत महत्त्वाची गोष्ट कळून चुकते.

गोपनीयतेचा प्रश्न मराठी घरात विशेष नाजूक होतो. इथे दवाखान्यात माणूस सहसा एकटा जात नाही. आई, नवरा, मोठा भाऊ, कधी शेजारच्या काकू सोबत येतात, आणि सोबत आलेल्याने आतही यावे हे आपुलकीचे लक्षण मानले जाते. समुपदेशकाने त्यांना बाहेर बसायला सांगितले की त्यांना ते लागते, आणि भेट संपल्यावर रिक्षातच ‘काय काय बोललीस?’ अशी चौकशी सुरू होते. या चौकशीमागे बहुतेकदा काळजीच असते, तिला दोष देऊन चालत नाही. तथापि आत बोललेले आतच राहील ही खात्री नसेल तर बोलणारा माणूस घरात जे बोलतो तेच तिथेही बोलेल, आणि मग तिथवर येण्याचे प्रयोजनच उरणार नाही. म्हणून घरच्यांना काय सांगायचे, कोणी सांगायचे आणि काय मुळीच सांगायचे नाही, हे पहिल्या भेटीतच ठरवून घेणे श्रेयस्कर असते. जाणते समुपदेशक नातेवाइकांनाही वेगळा थोडा वेळ देतात, त्यांची बाजू ऐकतात आणि त्यांना दिलेल्या वेळात आतल्या माणसाचे गुपित फुटू देत नाहीत.

२०१७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयीच्या आणि उपचारांविषयीच्या माहितीची गोपनीयता हक्क म्हणून दिली आहे. हा हक्क अमर्याद नाही, आणि त्याच्या मर्यादा आधी कळलेल्या बऱ्या. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने माहिती मागितली असेल, किंवा उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला ती देणे उपचारासाठी आवश्यक असेल, तर गोपनीयतेला मुरड घालता येते. अठरा वर्षांखालील मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि समुपदेशकालाही त्यातून सूट नाही. सामान्य समुपदेशकाचा २०१७ च्या कायद्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत नावाने उल्लेख नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत व्यवसायाची नीती आणि पहिल्या भेटीत झालेले बोलणे यांवरच पुष्कळसे अवलंबून राहते. तो लेखी संमतिपत्र देत असेल तर ते शांतपणे वाचावे, आणि देत नसेल तर या मर्यादा त्याच्याकडून तोंडी तरी समजावून घ्याव्यात.

ऑनलाइन सेशनांमुळे लहान गावांतल्या माणसांची फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण एका खोलीच्या घरात दार लावून तासभर बोलायचे कुठे, हा प्रश्न त्या सोयीबरोबरच आला, आणि गच्चीवर, पार्किंगमध्ये उभ्या गाडीत किंवा ऑफिस सुटल्यावर रिकाम्या बैठकीच्या खोलीत बसून बोलणारी माणसे आज पुष्कळ आहेत. अशी जागा शोधणे हाही प्रारंभाचाच एक भाग समजावा.

आता सल्ल्याविषयी. ज्याला समुपदेशनाची गरज भासते त्याला सल्ला मिळालेला नसतो, असे आपल्याकडे क्वचितच घडते. ‘विचार करू नकोस’, ‘मन कशात तरी रमव’, ‘देवाचे नाव घे’, ‘संसार म्हटला की हे असायचेच’ ही वाक्ये त्याने असंख्य वेळा ऐकलेली असतात, आणि ती सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असूनही प्रत्येक वाक्यागणिक तो थोडा अधिक एकटा पडलेला असतो. अनोळखी माणसापाशी मन मोकळे करण्याची गरज मराठी समाजाला आजच जाणवली असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला वाचक आपल्या लैंगिक जीवनाविषयीचे जे प्रश्न पाठवत, ते घरातल्या कोणापुढे उच्चारताही आले नसते. कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे स्पष्ट उत्तर देत, आणि अज्ञानामुळे छळ सोसणाऱ्या माणसाला ते उत्तर पुरेसेही असे. पण नोकरी सोडावी की नाही, लग्न टिकवावे की मोडावे, आईला माफ करावे की करू नये, अशा प्रश्नांना माहितीने उत्तर मिळत नाही. तिथे समुपदेशक उत्तर देण्याचे टाळतो, कारण त्या निर्णयाचे परिणाम त्याला भोगायचे नसतात. ज्याला ते भोगायचे आहेत त्याला आपले मन नीट पाहता यावे, हे काम तो करतो.

या भूमिकेची सर्वांत स्पष्ट मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी केली. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या समुपदेशनावरील ग्रंथात त्यांनी मदत घेणाऱ्याला रुग्ण न म्हणता क्लायंट म्हटले, आणि १९५७ च्या एका निबंधात बदल घडून येण्यासाठी आवश्यक अशा अटी सांगितल्या. त्यांतली पहिली समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे जग त्याच्या जागेवरून पाहणे, पण तसे पाहताना आपली जागा न विसरणे. दुसरी विनाअट स्वीकार, म्हणजे समोरच्याने काय केले यावर त्याचे माणूस म्हणून मोल न ठरवणे. तिसरी सच्चेपणा, म्हणजे तज्ज्ञाचा मुखवटा न चढवता समोर असणे. एवढ्या अटी पुरेशा आहेत हा रॉजर्स यांचा दावा पुढे वादग्रस्त ठरला; त्या आवश्यक आहेत याविषयी मात्र वेगवेगळ्या पंथांत आज फारसे दुमत नाही. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये हाच विचार अधिक व्यवहारी केला. उद्दिष्टांविषयी एकमत, करायच्या कामांविषयी एकमत आणि परस्परांविषयी विश्वास, या तीन गोष्टींतून दोघांमधले सहकार्य घडते, असे त्यांनी मांडले. आणि त्यानंतरच्या शेकडो अभ्यासांत पद्धती कोणतीही असली तरी सहकार्य जितके दृढ तितका परिणाम चांगला, असा मध्यम पण सातत्याने दिसणारा संबंध आढळला आहे.

सगळेच समुपदेशक शांतपणे ऐकत राहतात असे मात्र नाही, आणि महाराष्ट्रात तर मुळीच नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, म्हणजे आरईबीटी, कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठीत रुजवली, त्यामुळे इथल्या कित्येक समुपदेशकांच्या कामावर तिची छाप आहे. घटना आणि तिच्यामुळे होणारा त्रास यांच्या मध्ये त्या घटनेविषयीची समजूत असते, आणि त्रास मुख्यतः त्या समजुतीतून निर्माण होतो, हे तिचे मूळ सूत्र. परीक्षेत नापास होणे ही घटना. ‘मी नापास होताच कामा नये, झालो तर मी कवडीमोलाचा’ ही समजूत. आणि खोलीचे दार लावून बसणे हा परिणाम. या पद्धतीचा समुपदेशक ऐकून घेतल्यावर थेट प्रश्न विचारतो, हे कशावरून म्हणता असा पुरावा मागतो, आठवडाभर लिहून आणायला गृहपाठ देतो. ज्याला फक्त मायेने ऐकून घ्यावे असे वाटत होते तो त्याने बिचकतो, आणि ज्याला ठोस काहीतरी हवे होते तो सुखावतो. म्हणूनच कोणत्या पद्धतीने काम करणार, हे आरंभी विचारायचे असते.

या सगळ्यासाठी मोठे शहर, मोठे शुल्क आणि मोठी पदवी लागतेच का, या प्रश्नाचे फार मोलाचे उत्तर गोव्यातून आले आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आरोग्य केंद्रात येणारी माणसे नैराश्याची तक्रार घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, अंग दुखते, डोके जड राहते, फार टेन्शन आहे, असे ती सांगतात. त्यांच्यापैकी ज्यांचे नैराश्य तीव्र स्वरूपाचे आढळले, अशांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज समुपदेशन देण्यात आले, आणि ते देणारी माणसे मानसशास्त्राची पदवीधर नव्हती; स्थानिक भाषा बोलणारी, त्याच समाजातली, या कामासाठी खास प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, केंद्रात किंवा घरी.

त्या भेटींत काय होत असे, हे पाहण्यासारखे आहे. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, काम सोडल्याने समाधानाचे प्रसंग कमी होतात, ते कमी झाल्याने मन आणखी खचते आणि उरलेली कामेही सुटतात. म्हणून मन बरे होण्याची वाट न पाहता आधी लहानसे काम पुन्हा हाती घ्यायचे, असा या पद्धतीचा गाभा असून तिला वर्तन-सक्रियता म्हणतात. सकाळी उठून चर्चपर्यंत किंवा देवळापर्यंत चालत जाणे, बंद पडलेली शिवण पुन्हा सुरू करणे, टाळलेल्या बहिणीला फोन करणे, अशी कामे ठरवायची, आठवडाभर नोंद ठेवायची, आणि कोणत्या कामानंतर मनाला किती बरे वाटले हे पुढच्या भेटीत मिळून पाहायचे. समुपदेशक आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण एकमेकांना ऐकवून एकमेकांचे काम तपासत असत. तीन महिन्यांनंतर पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के माणसे नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आली होती. ज्यांना फक्त केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत असेच काम केले, आणि नैराश्य असूनही मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांना उपचारच मिळत नाहीत असे आढळले होते. त्या पार्श्वभूमीवर या आकड्यांचे मोल फार आहे. पदवी निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे, कारण या सामान्य माणसांच्या पाठीशी कडक प्रशिक्षण आणि सततची देखरेख होती. पण घाबरत घाबरत पहिल्या भेटीला जाणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावे की तिथे होणारे काम गूढ नसते, ते समजावून सांगता येते, आणि जे समजावून सांगितले जात नाही त्याविषयी विचारता येते.

फरक कधी पडेल, याचे ठाम उत्तर कोणी देऊ नये. केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जो अंदाज बांधला, त्यानुसार साधारण निम्म्या माणसांत आठ भेटींपर्यंत आणि पाऊणशे टक्क्यांत सव्वीस भेटींपर्यंत सुधारणा दिसते. मधला रस्ता सरळ चढणीचा नसतो. बरीच माणसे तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर आधीपेक्षा अस्वस्थ होतात, कारण वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेले काही तेव्हा बोलून झालेले असते. त्या रात्री झोप येत नाही, घरी चिडचिड होते, आणि पुढची भेट टाळावीशी वाटते. समुपदेशकाविषयी अकारण राग, अकारण ओढ किंवा त्याला आवडून घेण्याची धडपडही सुरू होते. आयुष्यातल्या पूर्वीच्या नात्यांतल्या भावना नव्या माणसावर अशा रीतीने येऊन बसतात, याला भावसंक्रमण म्हणतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. यावरचा उपाय एकच, तो म्हणजे ती गोष्ट त्याच खोलीत सांगणे. मध्येच येणे बंद करणाऱ्यांचे प्रमाण अनेक अभ्यासांचा मेळ घातला असता सुमारे पाचांत एक असे निघते, आणि त्यांतल्या पुष्कळांना आपली अस्वस्थता एका वाक्यात बोलून दाखवता आली असती तर ते टिकून राहिले असते असे मानायला जागा आहे.

तरीही प्रत्येक अस्वस्थता उपयोगी असते असे समजणे धोक्याचे आहे. मायकेल लँबर्ट यांच्या संशोधनानुसार उपचार घेणाऱ्यांपैकी पाच ते दहा टक्के प्रौढांची अवस्था उपचाराच्या काळात बिघडते, आणि ते समुपदेशकाच्या लक्षातही बऱ्याचदा येत नाही. जो समुपदेशक जात, धर्म, लैंगिकता किंवा अविवाहित राहण्याचा निर्णय यांवरून उपदेश करतो, ज्याचे स्वतःचेच बोलणे अधिक होते, जो समलैंगिक आकर्षण ‘बरे’ करून देण्याचे आश्वासन देतो, जो खोलीबाहेर वेगळे नाते जोडू पाहतो किंवा मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे परस्पर बंद करायला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. यात दुसरी संधी देण्याचे कारण नाही. असे काही घडले नसेल आणि केवळ सूर जुळत नसेल तर तेही स्पष्ट सांगून दुसऱ्याचे नाव मागता येते. समुपदेशक बदलणे हा कृतघ्नपणा नाही.

खर्चाची अडचण खरी आहे आणि ती गोड शब्दांनी झाकू नये. खासगी सेशनचे शुल्क काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असते आणि दर आठवड्याला ते देणे बहुसंख्य कुटुंबांना परवडत नाही. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे म्हटले असले, तरी रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च बहुतेक पॉलिसींत अजून बसत नाही. म्हणून शुल्कात सवलत आहे का, पंधरा दिवसांनी एकदा आले तर चालेल का, असे विचारावे. पुष्कळ समुपदेशक काही जागा कमी शुल्कावर राखून ठेवतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले आणि जिल्हा रुग्णालयांतले मानसोपचार विभाग अल्प दरात सेवा देतात. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ अशा, तिथल्या मनोरुग्णालयांवरून केलेल्या कुचेष्टांनी दोन-तीन पिढ्यांच्या मनात या विभागांविषयी जी दहशत बसवली, तिच्यामुळे किती माणसे वेळेत मदतीपर्यंत पोचली नाहीत याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्या कुचेष्टा आता घराघरांतून बंद झाल्या पाहिजेत.

तेव्हा ज्याला जायचे आहे त्याने जावे, आणि जाताना सगळे सुसंगत सांगता आले पाहिजे याचे ओझे घेऊन जाऊ नये. काय सांगायचे ते सुचत नाही, एवढे वाक्यही सुरुवातीला पुरते. पहिल्या तीन-चार भेटी दोन्ही बाजूंच्या पारखीच्या असतात असे मानून, आपल्याला काय बदलायला हवे आहे हे समुपदेशकाच्या मदतीने एकदा कागदावर लिहून काढावे आणि महिन्याभराने त्या कागदाकडे दोघांनी मिळून पाहावे. आणि ज्याच्या मनात जीवन संपवण्याचे विचार येत आहेत त्याने पहिल्या भेटीची तारीख मिळण्याची वाट पाहू नये. जवळच्या माणसाला आत्ताच सांगावे, जवळच्या रुग्णालयात जावे किंवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेला फोन करावा. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते.